ओल्या भिंतीला पहिलं बक्षीस

आमच्या बिल्डिंगमध्ये त्या वर्षी नळाला सकाळी जेमतेम पाऊण तास पाणी यायचं, आणि समोरच्या काकूंच्या भिंतीला चोवीस तास. मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलेल्या आम्हा सगळ्यांचा दिवस टँकरच्या हॉर्नने सुरू व्हायचा. माणसं दात घासता घासता बादल्या घेऊन धावायची. आणि चौथ्या मजल्यावर, माझ्या दाराच्या बरोबर समोर, एक भिंत अशी होती की तिला कधी पाणी मागावं लागलं नाही. गच्चीवरच्या टाकीचा फुटका सांधा नेमका तिच्या डोक्यावर होता. टाकीत जे काही चढायचं त्यातलं आधी भिंत प्यायची, उरलेलं आम्ही.

त्या भिंतीला लागून काकांचा पलंग होता. घर एका खोलीचं. एका भिंतीला दार, एकीला खिडकी, एकीला कपाट, म्हणजे पलंगाला उरली ती हीच. काकांनी जन्मभर गिरगावातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले होते आणि छातीत तिथलीच धूळ भरून घेतली होती. निवृत्त झाल्यावर चाळीतली खोली विकून दोघं मोकळ्या हवेसाठी इकडे आले. हवा मोकळी होती, पण काका रात्रंदिवस त्या ओलीत निजायचे आणि त्यांचा दमा इतका वाढला होता की एक वाक्य बोलायला त्यांना तीन थांबे घ्यावे लागत. डॉक्टरांनी काकूंना स्वच्छ सांगितलं होतं, "आता औषध बदलून काही होणार नाही. भिंत बदला."

भिंत बदलायची तर टाकीचा सांधा नव्याने भरायला हवा, त्यासाठी टाकी चार दिवस रिकामी ठेवायला हवी. हे ऐकल्यावर बिल्डिंगमधले सगळे एकदम फार कामात असायला लागले, त्यात मीही होतो. सोसायटी अजून झालेली नव्हती, गच्चीच्या दाराची किल्ली बिल्डरकडे, टाकी बिल्डरची, चार दिवसांचे टँकर पाठवणं त्याच्याच हातात. म्हणून काकू रिक्षाने नवघर रोडवरच्या बिल्डरच्या ऑफिसात जायच्या आणि तिथल्या मॅनेजरसमोर बसायच्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि जो तो कॉम्प्युटर घेत होता. बिल्डरशेठनेही घेतला. घेतला म्हणजे तो कशाला तरी वापरायला हवा, म्हणून शेठने फर्मान काढलं की यापुढे तक्रारी कागदावर घ्यायच्या नाहीत, कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या, फोटोसकट. फोटो नसेल तर तक्रार नाही. काकू तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा मॅनेजर म्हणाला, "माँजी, फ्लॉपी में फोटो लाओ. सेठ स्क्रीन पे देखेंगे, उसी दिन आदमी भेज देंगे."

फ्लॉपीत फोटो म्हणजे काय हे काकूंना कळलं नाही, पण तो कोणाकडे मिळेल हे बरोबर कळलं. अख्ख्या सिल्व्हर पार्कमध्ये ती वस्तू एकाच माणसाकडे होती, आणि तो माणूस त्यांच्या समोरच्या दारात राहत होता. इथून काकूंचं दुर्दैव सुरू झालं.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचा गाढवपणा समजेल. मी एका ऑफिसात कारकून होतो, पण मनाने फोटोग्राफर. फोर्टात फुटपाथवर परदेशी फोटोग्राफीची जुनी मासिकं मिळायची, ती मी गठ्ठ्याने आणायचो. ज्या लेन्स मी जन्मात विकत घेणार नव्हतो, त्यांच्या दोषांवर मी तासभर बोलू शकायचो. अमुक लेन्सचे कोपरे मऊ, म्हणजे अंधुक, येतात, हे मी बायकोला इतक्या काळजीने सांगायचो की एकदा तिने विचारलं, "मग आपण काही करू शकतो का त्यांच्यासाठी?"

भाईंदरला आमचं एक मंडळ होतं. सात जण, सगळे नोकरदार. निवृत्त चित्रकला शिक्षक असलेले एक सर आमचे प्रमुख. दर रविवारी सरांच्या घरी आम्ही एकमेकांचे फोटो बघून माना डोलवायचो. सरांचे नियम ठरलेले. मुख्य विषय मधोमध नको. फोटोत विजेच्या तारा नकोत, बादल्या नकोत, कॅलेंडर नको. कोपऱ्यात तारीख उमटवणं म्हणजे तर नवरीच्या कपाळावर रबरी शिक्का मारणं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, फ्रेम साफ करा. जे नको ते बाहेर काढा, उरेल तो फोटो.

आम्ही ते अक्षरशः पाळायचो. एकदा वरसाव्याच्या पुलाखाली खाडीकाठी गेलो होतो. एक म्हातारा वाळत घातलेलं जाळं दुरुस्त करत बसला होता. सरांनी त्याला गोड आवाजात सांगितलं, "बाबा, जाळं राहू द्या, तुम्ही जरा बाजूला व्हा." म्हातारा उठला, बाजूला उभा राहिला आणि आमचे सात कॅमेरे त्याच्या जाळ्यावर वाजायला लागले. "जालं चालतं," तो म्हणाला, "आनि मी न्हाय चालत?" आम्ही सगळे मनापासून हसलो. मी तर तो किस्सा पुढे कित्येकांना सांगितला, म्हाताऱ्याचा विनोद म्हणून.

तर अशा माझ्याकडे आखाती देशातून आलेल्या मेहुण्याने एक डिजिटल कॅमेरा ठेवला. जेवणाच्या डब्याएवढा, करड्या रंगाचा. त्याच्या पोटात सरळ फ्लॉपी घालायची. फोटो काढला की आतून घर्रर्र असा आवाज यायचा, गिरणीत दळण टाकल्यासारखा, आणि आपण हात न हलवता उभं राहायचं. एका फ्लॉपीत मोजके फोटो मावायचे. रोल धुवायला नको, वाट बघायला नको. मंडळात मी हा कॅमेरा नेला तेव्हा सरांनी तो हातात घेतला नाही, पण लांबून बराच वेळ बघितला.

काकू आल्या त्या दिवशी रविवार होता, सकाळचे नऊ वाजले असतील. "भाऊ," त्या म्हणाल्या, "आमच्या भिंतीचा फोटो काढून देता का? त्या कॉम्प्युटरवाल्याला पाहिजे."

मी म्हटलं, "त्यात काय, दोन मिनिटांचं काम." तसा मी चांगला शेजारी होतो. गॅसचा नंबर लावून देणं, लाइटबिल भरणं, हे मी त्यांच्यासाठी नेहमी करायचो. कॅमेरा उचलला आणि त्यांच्या घरात गेलो.

आणि ती भिंत बघून माझं भान हरपलं.

खिडकीतून सकाळचं ऊन तिरकं येऊन भिंतीवर घसटत चाललं होतं. फोटोग्राफीत तिरक्या उजेडासारखं दुसरं भाग्य नाही. समोरून उजेड पडला की सगळं सपाट दिसतं, बाजूने आला की कणन् कण उठून उभा राहतो. चुन्याचे पोपडे सुटले होते, त्या प्रत्येकाला स्वतःची सावली होती. वरच्या बाजूला काळी बुरशी, मध्ये हिरवी, आणि स्लॅबच्या सळईचा गंज उतरून आलेली एक नारिंगी धार. मी चार वर्षं असा विषय शोधत हिंडत होतो, माथेरानपर्यंत जाऊन आलो होतो, आणि तो माझ्या दारासमोर ठिबकत होता.

"काका, तुम्ही जरा बाजूला होता का?" मी म्हटलं.

काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. काकूंनी त्यांना हात दिला. ते उठले, एक थांबा घेतला, मग पॅसेजमध्ये मोरीच्या दाराशी ठेवलेल्या स्टुलावर जाऊन बसले. मी आणि काकूंनी पलंग ओढला. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, खिळा दिसत होता तोही उपटला. खालची बादली सरकवली, तर तिच्यात पडणारे थेंब फरशीवर पडायला लागले, तेव्हा मी काकूंना म्हटलं, "फरशी फ्रेममध्ये येत नाही, काळजी करू नका." औषधांच्या बाटल्या उचलल्या. छताला बांधलेला प्लास्टिकचा कागद सोडला. मग घरी जाऊन तिपाई आणली.

दोन मिनिटांचं काम सव्वा तास चाललं. कॅमेऱ्यात कोपऱ्यात तारीख उमटायची सोय होती, ती मी आठवणीने बंद केली. पॅसेजमधून काकांचा श्वास ऐकू येत होता, करवतीने हळूहळू लाकूड कापावं तसा. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "झालं... का?" मी म्हटलं, "ऊन सरकेपर्यंतच, काका." काकूंनी चहा दिला. चहाही मस्त होता.

त्यानंतरच्या शनिवारी, हाफ डे होता म्हणून, मी स्वतः काकूंबरोबर बिल्डरच्या ऑफिसात गेलो. मॅनेजरने फ्लॉपी घातली. स्क्रीनवर वरून खाली, पट्टीपट्टीने, चित्र उतरायला लागलं. मॅनेजर पुढे वाकला.

"अरे वा!" तो म्हणाला. "ये कहाँ का है? हिमाचल?"

"दीवार है," काकू म्हणाल्या. "हमारी दीवार. पानी गळता है."

"दीवार?" मॅनेजरने मान वाकडी करून बघितलं. "माँजी, इसमें दीवार किधर है? ये बरफ है, ये जंगल है, ये नदी आ रही है." नारिंगी धारेवरून त्याने बोट फिरवलं. मग आतल्या दोघांना हाक मारली. ते आले. एक म्हणाला काश्मीर, दुसऱ्याला मनाली वाटलं, आणि त्याने तिथे हनिमूनला गेल्याचं सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी उजेडाचा कोन समजावून सांगायला लागलो. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी तेव्हा बघितलं नाही. मी स्क्रीन बघत होतो.

शेवटी मॅनेजर म्हणाला की कंप्लेंटसाठी हा चालणार नाही, यात पाणी दिसत नाही, जागा दिसत नाही, तारीख नाही. पण फोटो त्याने ठेवून घेतला. पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा कॉम्प्युटर चालू केला की तोच समोर यायचा, अख्ख्या स्क्रीनभर. काकू त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसून आपल्याच भिंतीकडे बघत नंबर येण्याची वाट बघायच्या.

दुसऱ्यांदा मी ठरवून पुरावा म्हणून फोटो काढायला गेलो. काका मला बघूनच उठले आणि स्टुलाकडे निघाले. या वेळी कलाबिला काही नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. समोरून सरळ फ्लॅश मारला, भिंतीला पट्टी चिकटवून मापही दाखवलं. पण समोरून फ्लॅश मारल्यावर व्हायचं तेच झालं. सगळ्या सावल्या गेल्या, ओल पांढरी झाली आणि भिंत दिसायला लागली नव्याने रंग दिल्यासारखी. मॅनेजर म्हणाला, "ये तो सूखा है." आणि ते खरंच होतं. त्या फोटोत भिंत माझ्या भिंतीपेक्षा कोरडी दिसत होती.

तिसऱ्यांदा मी जवळून काढले, अगदी इंचावरून. बुरशी, नुसती बुरशी. तिचे असे तंतू आले होते, जणू पाण्याखालचं रान. काका तोपर्यंत माझ्या पावलांचा आवाज ओळखायला लागले होते. मी बेल वाजवली की आत पलंग करकरायचा. दार उघडेपर्यंत ते पॅसेजमध्ये बसलेले असायचे, टॉवेल खांद्यावर घेऊन, सलूनमध्ये नंबर लावून बसल्यासारखे.

घरी बायको म्हणाली, "अहो, एक साधा फोटो काढता येत नाही तुम्हाला?"

मी चिडलो. खरं सांगतो, मी चांगलाच चिडलो. साधा फोटो म्हणजे काय, हे मी तिला अर्धा तास समजावून सांगितलं. ती तोपर्यंत झोपली होती.

मग आलं मंडळाचं प्रदर्शन. भाईंदरला एका शाळेच्या हॉलमध्ये दर वर्षी व्हायचं. मी काकूंच्या भिंतीचा पहिला फोटो दिला, निसर्ग विभागात. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून तो मोठा करून घेतला. त्या कॅमेऱ्याचा फोटो एवढा मोठा होण्याच्या लायकीचा नव्हता. जवळून बघितलं तर पोपड्यांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. सरांनी चष्मा लावून ते चौकोन बघितले आणि म्हणाले, "आधुनिक आहे." शीर्षकही त्यांनीच सुचवलं, 'पहिली किरणं'. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. प्रमुख पाहुणे होते बिल्डरशेठ. हॉल, खुर्च्या, वडे, सगळं त्यांच्याकडून होतं.

काकूंना बक्षिसाचं कळलं तेव्हा त्यांनी वाटीभर शिरा पाठवला. आणि समारंभाला त्या स्वतः आल्या, जरीकाठाची साडी नेसून. मला वाटलं माझ्या कौतुकासाठी आल्या. त्या आल्या होत्या कारण गेले पाच महिने त्यांना शेठ भेटला नव्हता आणि इथे तो दोन तास खुर्चीवर बसून राहणार होता.

शेठच्या हातून मी प्रमाणपत्र घेतलं. ज्याच्या टाकीने ती भिंत कुजवली होती, त्याच्या हातून त्या भिंतीच्या सौंदर्याचं बक्षीस मी हसत हसत घेतलं, आणि टाळ्या चालू असताना हे माझ्या मनातही आलं नाही. शेठ खाली उतरून फोटोसमोर उभा राहिला, तेव्हा काकू पुढे झाल्या.

"सेठजी, ये मेरी दीवार है," त्या म्हणाल्या.

शेठने दोन्ही हात जोडले. "आप बहुत भाग्यवान हैं," तो म्हणाला.

"नाही, नाही. पानी आता है. मिस्टर को दमा है."

"बहुत सुंदर," शेठ म्हणाला. गर्दीत त्याला काय ऐकू गेलं देव जाणे. मग तो माझ्याकडे वळला आणि या फोटोची आणखी एक मोठी प्रत मागितली. नव्या प्रोजेक्टच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये, हॉलच्या मुख्य भिंतीवर लावायला. मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, विचारसुद्धा केला नाही. म्हणजे त्यानंतर कित्येक महिने मीरा रोडमध्ये घर घ्यायला येणारी माणसं एका कोरड्या ठणठणीत भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये लावलेली गळकी भिंत बघून खूश होत होती, आणि बुकिंग करत होती.

काकू आणि मी एकाच रिक्षाने परतलो. जिना चढून वर आलो. दाराशी त्या थांबल्या, किल्ली कुलपात घातली, पण फिरवली नाही.

"भाऊ, तुमचा फोटो चांगला आहे," त्या म्हणाल्या. "मला वाईट फोटो पाहिजे."

मी हसायचा प्रयत्न केला.

"हसू नका. डॉक्टर म्हणतात, थंडी सुरू व्हायच्या आत काही करा, नाहीतर ह्यांना पुढचा उन्हाळा दिसेल असं वाटत नाही. तुम्हाला जमत नसेल तर कॅमेरा मला द्या. उद्या सकाळी या, बटण कुठलं ते सांगा."

मला लाज वाटलीच, पण खरं सांगायचं तर थोडा अपमानही वाटला. मेहुण्याचा कॅमेरा, नाजूक वस्तू, आणि काकूंच्या घरातला मिक्सरसुद्धा मी चालू करून द्यायचो. पण सकाळी गेलो.

मी काकूंच्या हातात कॅमेरा दिला. तो कसा धरायचा, कोपर अंगाशी कसं ठेवायचं, श्वास कसा रोखायचा, हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कॅमेरा पोळपाट धरतात तसा दोन्ही हातांनी धरला. तेवढ्यात कुठली कुठली बटणं दाबली गेली आणि तारीख चालू झाली, हे मला नंतर कळलं. काका या वेळी अजून पलंगावरच होते. सकाळी त्यांना फारच धाप लागली होती, उठणं जमत नव्हतं. उशा पाठीशी घेऊन, तोंड उघडं टाकून, ते श्वास ओढत होते.

"काका, जरा..." मी म्हटलं आणि सवयीने पुढे होऊन त्यांच्या खांद्याला हात लावला.

कॅमेरा घर्रर्र वाजला.

"झाला," काकू म्हणाल्या.

"अहो, थांबा, अजून फ्रेम..."

"झाला म्हटलं ना."

त्यांनी दुसरा काढला नाही. फ्लॉपी काढून घेतली, रुमालात गुंडाळली आणि पदर खोचून रिक्षा बघायला खाली गेल्या. मी चपला पायात सरकवून मागे धावलो.

मॅनेजरच्या कॉम्प्युटरवर आधी माझं हिमाचल आलं. मग ते गेलं आणि त्याच्या जागी काकूंचा फोटो पट्टीपट्टीने उतरायला लागला. वाकडा होता. वरच्या कोपऱ्यात काकूंचा अंगठा, पाव फोटो त्यानेच खाल्लेला. छताला बांधलेला प्लास्टिकचा कागद, त्यात फुगून साचलेलं पाणी. कॅलेंडर, त्याची पानं भिजून गुंडाळलेली. औषधांच्या बाटल्यांची रांग. बादली भरलेली, शेजारी दुसरी बादली अर्धी. छतापासून पलंगापर्यंत काळी झालेली भिंत. उजव्या कोपऱ्यात पिवळ्या आकड्यांत तारीख. आणि बरोबर मधोमध, उघड्या तोंडाने, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारे काका. सरांचा एकही नियम त्या फोटोत शिल्लक नव्हता.

मॅनेजरने खुर्ची मागे सरकवून पुन्हा बघितलं. मग स्क्रीनवर बोट ठेवलं. डावीकडून एक हात फोटोत शिरला होता, मनगटावर घड्याळ असलेला, आणि तो काकांना खांद्याला धरून बाहेर लोटत होता.

"ये हाथ किसका है?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातावर तेच घड्याळ होतं. मी हात खुर्चीखाली घेतला, खरोखरच घेतला, शाळेत घेतात तसा.

"पडोसी का है," काकू म्हणाल्या. "मदद कर रहे हैं."

मॅनेजरने आत जाऊन शेठला बोलावलं. दोन दिवसांनी गच्चीचं दार उघडलं, टाकी रिकामी झाली, चार दिवस टँकर आले. बिल्डिंगमधल्या लोकांनी त्या चार दिवसांत काकूंना जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. सांधा भरला, भिंत खरवडली, नवा गिलावा झाला. वाळायला महिना लागला. तोवर काकू-काका आमच्या घरी निजायला होते, हॉलमध्ये, आणि काका माझ्या मासिकांतल्या छपाईच्या चुका काढायचे. अमुक लेन्सचे कोपरे मऊ येतात, हे वाचून त्यांना फार हसू यायचं. थंडी त्यांनी काढली, पुढचा उन्हाळाही बघितला, त्यापुढचेही दोन.

मी फ्लॉपी उघडून माझे सगळे फोटो पुन्हा बघितले. त्या खोलीत मी तीनदा सगळा सरंजाम घेऊन गेलो होतो, तास न् तास उभा होतो. एकाही फोटोत काका नव्हते. ओल होती, उजेड होता, गंजाचा रंग होता. ज्याच्यासाठी ते सगळं चाललं होतं तो माणूस दर वेळी पॅसेजमध्ये बसवून ठेवलेला. त्या दिवसापासून त्या प्रमाणपत्राचं काय करावं ते मला कळेना. शेवटी मी ते बायकोच्या साड्यांखाली ठेवून दिलं.

भिंतीला रंग लागला, फिकट निळा, तेव्हा मला वाटलं की आता तरी आपण एक काम नीट करावं. एका रविवारी कॅमेरा घेऊन समोर गेलो. तिपाई नेली नाही. बेल वाजवली. दार काकूंनी उघडलं. काका पलंगावर पेपर वाचत बसले होते, मागे कोरडी भिंत, डोक्यावर नवीन कॅलेंडर. श्वास ऐकू येत नव्हता. मला फक्त तेवढंच हवं होतं, ते तिथे तसेच बसलेले, मधोमध.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. काकांनी वर बघितलं, पेपरची घडी घातली, पलंगावरून उतरले आणि जाऊन पॅसेजमधल्या स्टुलावर बसले.

"घ्या आता," ते म्हणाले. "भिंत सगळी मोकळी आहे."